ईव्हीएमची शंका तपासायची कुठे?

२३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला आणि त्या संध्याकाळपासून व्हॉट्सॲपच्या गटागटांत एकच वाद पेटला. मेसेजची सुरुवात ‘यंत्र हॅक होतं’ इथून व्हायची. पुढे संध्याकाळी पाचनंतर मतं वाढल्याचा आरोप, मग जर्मनीने ही यंत्रं केव्हाच बंद केल्याची आठवण, आणि शेवटी ‘आमच्या गावात त्या पक्षाला एवढी मतं पडूच शकत नाहीत’. उत्तर देणारे या सगळ्याला मिळून एकच उत्तर देत: हरलात म्हणून रडताय. वाद महिनोनमहिने चालला, अजूनही चालतो, आणि कोणाचं मत तसूभरही हललं असेल असं वाटत नाही.

याचं कारण त्या मेसेजच्या रचनेतच आहे. हॅकिंगचा दावा यंत्राबद्दल आहे, पाचनंतरच्या मतांचा कागदपत्रांबद्दल. जर्मनीचा दाखला धोरणाचा आहे आणि गावाची गोष्ट विश्वासाची. यातला प्रत्येक दावा तपासायची जागा वेगळी आहे, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू पडत नाही. यंत्र निर्दोष आहे हे सिद्ध झालं म्हणून टक्केवारीचा प्रश्न सुटत नाही. टक्केवारीत गोंधळ दिसला म्हणून यंत्र हॅक झालं असंही होत नाही. म्हणून आधी मत यंत्रात शिरल्यापासून मोजलं जाईपर्यंत काय काय घडतं ते सावकाश पाहू.

मतदान केंद्रावर तीन डबे असतात. पडद्याआड बॅलट युनिट, म्हणजे उमेदवारांची नावं, चिन्हं आणि निळी बटणं. त्याच्या शेजारी व्हीव्हीपॅट, म्हणजे चिठ्ठी छापणारा डबा. आणि केंद्राध्यक्षाच्या टेबलावर कंट्रोल युनिट, ज्यात मतं साठतात. तिन्ही केबलने जोडलेले असतात. अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटवरचं बॅलट बटण दाबलं की एक मत, फक्त एक, देता येतं. मतदाराने बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेआड उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन खालच्या मोहोरबंद पेटीत पडते. या सगळ्याला वेळ लागतो, त्यामुळे मिनिटाला चारपाचपेक्षा जास्त मतं टाकता येत नाहीत. मतपत्रिकेच्या काळात केंद्र ताब्यात घेऊन दहा मिनिटांत शेकडो शिक्के मारले जायचे. यंत्राने त्या गुंडगिरीची चाल मंदावली. पुन्हा मतपत्रिका हवी म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

यंत्र बनवणाऱ्या कंपन्या दोनच आणि दोन्ही सरकारी: बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. यंत्राला इंटरनेट, वायफाय, ब्लूटूथ काही नसतं. म्हणून दूर बसून कोणीतरी मोबाईलवरून निकाल फिरवला, या दाव्याला आधार नाही. २०२४ च्या लोकसभेत मुंबई वायव्य मतदारसंघात अवघ्या ४८ मतांनी निकाल लागला, तेव्हा मतमोजणी केंद्रात एका मोबाईलवर ओटीपी मागवून यंत्र ‘उघडलं’ अशी बातमी फिरली. यंत्र उघडायला ओटीपी लागतच नाही. तो मोबाईल मोजणीचे आकडे निवडणूक आयोगाच्या संगणकप्रणालीत भरण्यासाठी होता. मोजणी केंद्रात तो कोणाच्या हातात असावा, हा प्रश्न गंभीर होता आणि विचारायलाच हवा होता. पण बातमी यंत्राची झाली आणि तो खरा प्रश्न मागे पडला.

हवेतून हॅक होत नाही, मग हात लावून? इथे उत्तर वेगळं आहे. २०१० मध्ये हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद, अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ जे. ॲलेक्स हॉल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंग्रेप यांनी एक खरंखुरं भारतीय मतदान यंत्र उघडून दाखवलं. आकडे दाखवणारी पट्टी बदलून खोटा निकाल दाखवता येतो आणि साठवलेली मतं चिमटा लावून बदलता येतात, असे दोन मार्ग त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून बाहेर पडलेलं होतं, आणि त्या चोरीच्या आरोपाखाली हरी प्रसाद यांना त्या वर्षी अटक झाली. यंत्र जुन्या पिढीचं होतं, त्याला व्हीव्हीपॅट नव्हतं. पण त्या प्रयोगाने शिकवलेली गोष्ट आजही खरी आहे: यंत्र एकांतात हाती लागलं तर सुरक्षित नाही. म्हणजे यंत्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा मुख्यतः ते कोणाच्या ताब्यात, किती कुलपांआड आणि कोणाच्या नजरेखाली आहे याचा प्रश्न आहे.

त्यासाठीची व्यवस्था लांबलचक आहे. निवडणुकीच्या काही महिने आधी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर प्रथमस्तरीय तपासणी होते. मग संगणकाने दोनदा सरमिसळ होते: आधी कुठलं यंत्र कुठल्या मतदारसंघात, नंतर कुठलं कुठल्या केंद्रावर. मतदानाच्या सकाळी, प्रत्यक्ष मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान होतं. ती मतं आणि चिठ्ठ्या काढून टाकून यंत्र सील केलं जातं आणि सीलवर प्रतिनिधी सह्या करतात. मतदान संपलं की यंत्र पुन्हा मोहोरबंद होऊन स्ट्राँगरूममध्ये जातं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर उमेदवाराच्या माणसाने उभं राहायचं असतं. ज्या पक्षाला केंद्रावर प्रतिनिधी नेमता येत नाही त्याच्यासाठी ही सगळी साखळी कागदावरच राहते, आणि समाजमाध्यमांवर सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या कार्यकर्त्यांना हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

यंत्राच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद मात्र सीलचा नाही, बटणांच्या क्रमाचा आहे. कंट्रोल युनिटला पक्ष कळत नाही. त्याला फक्त बटणाचा क्रमांक कळतो. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण अमान्य पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावांचा क्रम वर्णानुक्रमे. त्यामुळे एकच पक्ष सोलापुरात पहिल्या बटणावर असेल तर साताऱ्यात चौथ्या. कारखान्यात चिपमध्ये ‘अमुक पक्षाला मत दे’ असं आधीच लिहून ठेवायचं तर वर्षांनंतर कुठला उमेदवार कुठल्या बटणावर येणार हे ठाऊक असावं लागेल. ते अशक्य आहे.

यावरचा आक्षेपही तितकाच नेमका आहे, आणि तो ऐकून घ्यायला हवा. व्हीव्हीपॅटला चिन्हं छापायची असतात, त्यामुळे उमेदवार ठरल्यानंतर मतदानाच्या काही दिवस आधी चिन्हं त्यात भरावी लागतात. ती सिम्बॉल लोडिंग युनिट नावाच्या उपकरणातून भरली जातात. म्हणजे क्रम ठरल्यानंतर बाहेरची माहिती साखळीत शिरते. शिवाय व्हीव्हीपॅट जोडणीत बॅलट युनिट आणि कंट्रोल युनिट यांच्या मध्ये बसतं. माजी सनदी अधिकारी कन्नन गोपीनाथन यांनी २०१९ मध्ये हा मुद्दा मांडला. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात फेरफाराची शंका मान्य केली नाही, पण ही लोडिंग युनिटं सील करून निवडणूक निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवा असा आदेश दिला. शंका अगदीच पोकळ असती तर त्या आदेशाची गरज पडली नसती.

अभिरूप मतदानाने हे पकडलं जाईल ना? साधी गडबड पकडली जाईल. पण पहिली पाचशे मतं प्रामाणिकपणे मोजायची आणि नंतर बदलायची, असा कार्यक्रम कोणी लिहिलाच, तर पन्नास मतांच्या चाचणीत तो गप्प बसेल. म्हणूनच तपासणीच्या वेळी काही टक्के यंत्रांवर हजाराच्या घरात मतं टाकून पाहतात. तरीही चाचणी ही चाचणीच. प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी यंत्राने काय केलं याची साक्ष एकच वस्तू देते: ती चिठ्ठी.

चिठ्ठीमागचा विचार सुंदर आहे. यंत्राने चिठ्ठी चुकीची छापली तर मतदाराला दिसेल. चिठ्ठी बरोबर छापून आत दुसरंच नोंदवलं तर चिठ्ठ्या मोजल्यावर कळेल. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खोटं बोलायला जागा उरत नाही, आणि हे समजायला अभियंता असावं लागत नाही. आकडे जुळले नाहीत तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरायचा, असं निवडणूक नियमांतच लिहिलं आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट पहिल्यांदा वापरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते टप्प्याटप्प्याने सगळीकडे आणायला सांगितलं, आणि २०१९ च्या लोकसभेत ते देशभर पोहोचलं.

मतदाराच्या बाजूची तपासणी मात्र लंगडी राहिली आहे. काचेत आपण न दिलेलं चिन्ह दिसलं तर मतदार तक्रार करू शकतो, पण आधी लेखी प्रतिज्ञा द्यावी लागते. मग चाचणी मत टाकून पाहतात. ते बरोबर निघालं तर खोटी तक्रार केल्याबद्दल शिक्षा होऊ शकते. एकदाच घडलेली गोष्ट दुसऱ्यांदा घडवून दाखवण्याचं ओझं सामान्य मतदारावर टाकणं अन्यायाचं आहे. ज्याला पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते तो गप्प घरी जाईल, आणि मग ‘एकही तक्रार खरी ठरली नाही’ या वाक्यात फारसा अर्थ राहत नाही.

आता मोजणी. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात किती केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायच्या? आधी एक होतं. २०१९ मध्ये चंद्राबाबू नायडूंसह २१ विरोधी नेत्यांनी निम्म्या केंद्रांची मागणी केली. आयोगाने निकाल पाच-सहा दिवस लांबेल असं सांगितलं. ८ एप्रिल २०१९ ला न्यायालयाने एकाचे पाच केले. ही पाच केंद्रं सोडत काढून निवडतात.

पाच पुरेत का? समाजमाध्यमांवरची सगळ्यांत कडवी भांडणं इथे होतात, आणि गंमत नव्हे, दोन्ही बाजूंचं गणित बरोबर असतं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भांडं एकच असेल तर. समजा एका मतदारसंघात ३०० केंद्रं आहेत आणि त्यातल्या सहा यंत्रांत, म्हणजे दोन टक्क्यांत, कोणी गडबड केली. सोडतीने काढलेल्या पाच केंद्रांत त्यातलं एकही न येण्याची शक्यता सुमारे ९० टक्के आहे. तीस यंत्रांत गडबड केली तरी ती निसटण्याची शक्यता जवळजवळ ५९ टक्के. म्हणजे एका मतदारसंघापुरतं बोलायचं तर पाच केंद्रांची तपासणी कमजोर आहे, हे टीकाकारांचं म्हणणं खरं.

आता तीच दोन टक्क्यांची गडबड महाराष्ट्राच्या २८८ मतदारसंघांत झाली असं धरा. प्रत्येक ठिकाणी निसटण्याची शक्यता ९० टक्के. पण २८८ वेळा ओळीने निसटायला हवं. ती शक्यता इतकी लहान होते की तिला शून्य म्हणायला हरकत नाही. २०२४ मध्ये राज्यात २८८ गुणिले पाच, म्हणजे १४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि कुठेही तफावत आढळली नाही, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने सांगितलं. केंद्रं प्रामाणिकपणे काढली असतील आणि चिठ्ठ्या जपल्या गेल्या असतील, तर राज्यभर सरसकट यंत्रं फिरवल्याचा दावा या एका आकड्यापुढे टिकत नाही. हे मान्य करायला अनेकांना जड जातं, पण मान्य करायला हवं.

मधली जागा मात्र खरोखर उघडी आहे. निवडक दहाच मतदारसंघांत दोन टक्क्यांची गडबड झाली तर ती सगळीकडे निसटण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास. सहा केंद्रांत मिळून चार हजारांच्या आसपास मतं पडतात, त्यामुळे अशी गडबड वीस हजारांच्या फरकाचा निकाल पालटू शकणार नाही. शंभर-दोनशेंचा सहज पालटेल. म्हणजे किती चिठ्ठ्या मोजायच्या हे विजयाच्या फरकावर ठरायला हवं. बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी मांडलेली तपासणीपद्धत नेमकी हेच करते: फरक मोठा तर नमुना लहान, फरक लहान तर नमुना मोठा, आणि शंका फिटत नसेल तर सगळं मोज. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने २०१७ पासून ती राज्यभर लागू केली. जॉर्जियात २०२० मध्ये अध्यक्षपदाची लढत १२ हजारांच्या आसपास अडली, तेव्हा पन्नास लाखांच्या घरातल्या मतपत्रिका हातांनी मोजल्या आणि विजेता तोच राहिला. आपल्याकडे ४८ मतांचा निकाल असो की लाखाचा, पाच म्हणजे पाच.

पाचनंतरच्या मतांची शंका यंत्रात शोधून उपयोग नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाचला आयोगाने ५८.२२ टक्के सांगितले, अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. पाचचा आकडा अधिकाऱ्यांनी केंद्राकेंद्रावरून दिवसभरात कळवलेल्या अंदाजांची बेरीज असतो. मतदान सहाला संपतं आणि रांगेत असलेल्यांना नंतरही मत देता येतं. खरा हिशेब नमुना १७ सी मध्ये असतो: त्या यंत्रात एकूण किती मतं पडली हे लिहून केंद्राध्यक्ष सही करतो आणि त्याची प्रत तिथेच प्रत्येक प्रतिनिधीला देतो. एखाद्या मतदारसंघात रात्रीत मतं घुसली असतील तर प्रतिनिधींच्या हातातल्या प्रतींची बेरीज मोजलेल्या मतांशी जुळणार नाही. आरोप करणाऱ्याने त्या प्रती मांडायला हव्यात. आणि आयोगाने? या प्रती संकेतस्थळावर टाका अशी मागणी मे २०२४ मध्ये न्यायालयात गेली, तेव्हा आयोगाने त्यांच्या प्रतिमांमध्ये फेरफार करून गोंधळ माजवला जाईल असं सांगत विरोध केला. मला हे कारण पटत नाही. मूळ कागद सगळ्यांसमोर असेल तर खोटी प्रतिमा लगेच उघडी पडते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलला आणि सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी जनतेला पाहण्यासाठी खुल्या असणाऱ्या कागदपत्रांतून वगळल्या. शंका वाढत असताना नोंदी आवळणं हे धोरण म्हणून घातक आहे.

गावाच्या गोष्टीकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या काही ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचं ठरवलं. गावातला आकडा त्यांना पटत नव्हता, जरी त्यांचा उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता. प्रशासनाने जमावबंदी लावली, बंदोबस्त आणला आणि ते मतदान झालं नाही. शंका विचारणाऱ्यांवर पोलीस उभे करणं मला चुकीचं वाटलं. पण ते मतदान झालं असतं तरी यंत्राबद्दल काही कळलं नसतं, हेही तितकंच खरं. आलेली माणसं वेगळी असती, कोण आलं हे गावाला दिसलं असतं, आणि निकाल माहीत झाल्यावर दिलेलं मत वेगळं असतं.

याचा दाखला यंत्राच्या जन्मातच आहे. १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्र पहिल्यांदा वापरलं. तिथले एक उमेदवार सिवन पिल्लई यांनी मतदानाआधीच त्याला न्यायालयात विरोध केला होता. तेच १२३ मतांनी जिंकले आणि हरलेले ए. सी. जोस न्यायालयात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात तरतूद नाही म्हणून त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान घ्यायला लावलं, आणि जोस जिंकले. यंत्र खोटं होतं असं न्यायालय म्हणालं नाही. दोन वर्षांत माणसांचं मन बदललं, एवढाच त्या फेरनिकालाचा अर्थ निघू शकतो. कायदा १९८८ मध्ये दुरुस्त झाला.

जर्मनीचं उदाहरण दोन्ही बाजू अर्धवट सांगतात. मार्च २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००५ च्या निवडणुकीत वापरलेली यंत्रं घटनाबाह्य ठरवली, पण निवडणूक रद्द केली नाही, कारण गडबडीचा पुरावा नव्हता. तत्त्व मात्र ठाम सांगितलं: मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. त्या यंत्रांना कागदी चिठ्ठी नव्हती. आपल्याला आहे. म्हणजे जर्मनीची कसोटी पार करायचं साधन आपल्या प्रत्येक केंद्रावर मोहोरबंद पेटीत पडलेलं असतं. फक्त बहुतेक केंद्रांत ते मोजलं जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निवडणूक निकालानंतर सात दिवसांत, स्वखर्चाने, विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांच्या चिप तपासून घ्यायचा हक्क दिला. फेरफार सापडला तर खर्च परत. चिठ्ठ्या यंत्राने मोजता येतील का, त्यासाठी चिन्हासोबत बारकोड छापता येईल का, हे पाहायलाही न्यायालयाने आयोगाला सुचवलं. फरकानुसार नमुना वाढवायचा नियम मात्र अजून नाही. आज अटीतटीच्या लढतीत हरलेल्या उमेदवाराकडे मोजणीच्या टेबलावर चिठ्ठ्यांपर्यंत पोहोचायचा एकच रस्ता आहे: नियम ५६ डी खाली, निकाल जाहीर होण्याआधी, चिठ्ठ्या मोजण्याचा लेखी अर्ज. तो मान्य करायचा, काही केंद्रांपुरता मान्य करायचा की नाकारायचा, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो, आणि त्याची कारणं त्याला लेखी द्यावी लागतात.